साठ पेंड्यांची पडवी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाट चढू लागण्याआधी, खडकवाडी म्हणून अकरा उंबऱ्यांची वाडी आहे. तिथल्या हैबती उतेकराला इंग्रजीतले सहा शब्द येत होते. सहाही घराला लावायचे. बंगला हा शब्द तो त्यात धरत नसे, कारण तो काय, सगळ्यांनाच येतो. सातवा तो शिकला नाही. गरज पडली नाही.

हे शब्द त्याला शाळेत मिळाले नव्हते, गवतात मिळाले होते. महाबळेश्वरचा पाऊस भिंती खातो. म्हणून वैशाखात तिथली साहेब लोकांची आणि शेठ लोकांची घरं गवतात गुंडाळून ठेवतात. बांबूच्या कामट्यांवर गवताच्या पेंड्या सुंभानं आवळायच्या, त्यांच्या ताट्या करायच्या आणि त्या भिंतींना बाहेरून बांधून टाकायच्या. घर चार महिने गवतात झोपतं आणि दसऱ्याला त्याला उघडं करतात. हैबती या कामाला पहिल्यांदा घाट चढून गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. कायमचा खाली उतरला तेव्हा बेचाळीसचा.

रावजी मुकादम सकाळी माणसं वाटायचा. "तू नि तू हटवर जा. तुमी चौघं कॉटेजवर. बाकीचे व्हिलावर." घरावरच्या पाट्या रावजीला वाचता येत नव्हत्या, माळ्यानं सांगितलेलं तो पुढं सांगायचा. हैबतीला कळायचं ते एवढंच, की हट म्हटली की एकशेवीस पेंड्या लागतात, कॉटेज म्हटलं की चारशे, लॉजला सहाशे, व्हिलाला नऊशे. बंगला त्याच्याही पुढं. शेडला पेंडी लागत नाही, कारण शेड भिजली तरी कुणी रडत नाही. सव्वीस वर्षांत हे आकडे फारसे हलले नाहीत. एकदा एक व्हिला सातशेत भागली, तेव्हा हैबती मुकादमाला बोलला, "ह्यांची पाटी चुकलीय."

शिकलेल्या माणसाला विचारलं की कॉटेज म्हणजे काय, तर तो वेली, फुलं, धुराडं असं काहीबाही सांगत बसेल. हैबती चारशे सांगायचा आणि गप्प व्हायचा.

आता या शब्दांचं खडकवाडीला काय काम, असं कुणालाही वाटेल. पण त्या वर्षांत वाडीतली निम्मी पोरं मुंबईला गिरणीत होती, आणि मुंबईहून पत्रात घर म्हणून कुणी लिहीत नव्हतं. भागोजीच्या भावानं, महिपतनं, तिकडून तांबड्या रंगाचा डबा आणला आणि भागोजीच्या चौकटीवर 'व्हिला' असं रंगवलं. वाडीनं हैबतीला बोलावलं. हैबतीनं घराला एक वळसा घातला. वळसा घालताना तो पावलं मोजत नसे, नुसते ओठ हलायचे. वळसा झाल्यावर बोलला, "शेड."

"शेड कशी रे?" भागोजी तापला. "आत मानसं ऱ्हात्यात ती दिसत नाय काय तुला?"

"ऱ्हात असतील. तीन बाजूला भिंत हाय, चौथ्या बाजूला बारदान. बारदानाला ताटी बांधत नाय."

महिपतनं परत जाण्याआधी अक्षरांवर शेण फिरवलं. त्यानंतर हैबतीचं नाव झालं. विशेषतः सोयरिकीत. मुलाकडची पत्रं येत, गावी आमचं हे आहे नि ते आहे, आणि मुलीकडचे आधी विचारत, "हैबतीला दाखवलंत काय?" हैबती दोन-दोन कोस चालून जायचा, वळसा घालायचा, शब्द सांगायचा. मिळालाच तर चहा प्यायचा. नाही मिळाला तर तसाच यायचा. त्यानं कधी कुणाला एक पेंडी वाढवून दिली नाही की कुणाची कमी केली नाही.

हे सगळं दुसऱ्यांच्या पोरींपुरतं होतं तोवर ठीक होतं. मग त्याची स्वतःची शकू लग्नाची झाली.

पहिलं स्थळ बिरवाडीकडचं. पत्रात कॉटेज होतं. हैबतीनं नवऱ्यामुलाच्या बापासमोर सांगितलं, "हट. ती बी पुरती नाय." दुसरं घाटाच्या पायथ्याचं. ते लॉज म्हणत होते. हैबती शेड म्हणाला. तिथं पोहे आलेच नाहीत. शकूला विसावं सरलं. तिच्याबरोबरीच्या पोरी कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला यायला लागल्या. शकू आईबरोबर नाचणी दळायची आणि कुणी काही विचारलं तर बोलायची, "माझं काय, माझ्या बापूसला घर पसंत पडायला पायजे."

हैबतीची बायको ठमाबाई एरवी शांत बाई. दुसरं स्थळ मोडल्यावर तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि विचारलं, "तुमी घर बघायला गेलता की पेंड्या मोजायला?"

"घरच बगितलं."

"मानसं कशी व्हती?"

हैबतीनं आठवून पाहिलं. माणसं आठवेनात.

तिसरं स्थळ कोंडाजीनं आणलं. कोंडाजी म्हणजे ठमाबाईचा भाऊ. मुलगा तुडीलचा, नाव सदू, गिरणीत कामाला. बाप नाही. आई येसूबाई, तिनं लेकाच्या पगारावर आणि स्वतःच्या पाठीवर तीन वर्षांत घर उभं केलेलं. पत्रात एक ओळ होती: 'तुडील येथे आमचे स्वतःचे कॉटेज आहे.' कोंडाजीनं ती ओळ वाचायची टाळली होती, पण हैबतीनं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतलं.

निघायच्या सकाळी ठमाबाईनं नवऱ्याच्या हातावर अख्खी सुपारी ठेवली. "ही तोंडात धरा. इरघळेपर्यंत बोलायचं नाय."

"सुपारी इरघळत नाय."

"म्हनूनच."

महाडपर्यंत एस्टीनं आणि पुढं पायी असे हैबती नि कोंडाजी तुडीलला पोचले. गावाच्या खालून सावित्री वाहते. पावसाळ्यात ती वर येते, म्हणून येसूबाईनं घराचं जोतं कमरेइतकं उचललं होतं. चार खणांचं घर, दगडमातीच्या भिंती, वर नवी कौलं. येसूबाई बुटकी, सुक्या बोंबलासारखी कडक. सदू रजेवर आला होता. तो खाली मान घालून बसला होता. कोंडाजी पिकाबद्दल बोलला, एस्टीबद्दल बोलला, मुंबईतल्या पाण्याबद्दल बोलला. हैबती गालात सुपारी धरून बसला.

"पावनं बोलत नायत ते?" येसूबाईनं विचारलं.

"दाढ दुखतीय त्यांची," कोंडाजी बोलला.

"दुखू दे. नाव ऐकून हाय मी तुमचं. घाला एक वळसा."

हैबतीनं मान हलवली. नको.

"नको कसं? माझ्या दोन जावा हायत समोरच्या आळीत. त्या बोलत्यात, पत्रात कॉटेज लिवतेस, कुनी बगितलंय? तुमच्या तोंडून एकदा निगालं की त्यांची तोंडं मिटतील. मी सोयरीक जुळवायला बसलेच हाय, पन हे आधी."

कोंडाजीनं त्याच्या पायावर पाय दाबला. हैबतीनं तो सोडवून घेतला आणि उठला. एक वळसा घातला. मग उलटीकडून एक घातला. दोन्हीकडून आकडा एकच येत होता. मग त्यानं सुपारी काढली, उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवली आणि बोलला, "साठ कमी."

"साठ काय?"

"पेंड्या. तीनशेचाळीस हायत. चारशे पायजेत."

"म्हंजे कॉटेज नाय?"

"नाय."

"मंग हाय काय हे?"

"हटच्या वर, कॉटेजच्या खाली. त्यांच्यात त्याला शब्द नाय."

कोंडाजीनं डोळे मिटून घेतले. येसूबाई आपल्या घराकडं बघत राहिली. तीन वर्षं तिनं डोक्यावरून वाहिलेल्या दगडांना शब्द नव्हता. मग ती हळूच बोलली, "बरं. आता मुलगी बघायला मी येनार. येनारच. तेव्हा तुमच्या घराचा शब्द तुमी मला सांगायचा. वाकडं बोललात तर मी पान्याला न शिवता उठेन."

परतीला महाडहून एस्टीत बसल्यावर कोंडाजी बोलला, "दाजी, सुपारी कुठं हाय?" हैबतीनं गाठ सोडून दिली. कोंडाजीनं ती रागानं खाल्ली.

पुढचे आठ दिवस हैबती कामट्या सोलत बसला. कुणाचं काही बांधायचं नव्हतं, तरी सोलत होता. त्याच्या स्वतःच्या घराचा शब्द आजवर कुणी विचारला नव्हता. वाडीत तशी रीतच पडली होती.

नवव्या दिवशी येसूबाई आली. सोबत तिचा चुलतदीर कुशाबा, ठार बहिरा, पण वडीलधारा म्हणून आणलेला. कोंडाजी वाट दाखवत दोघांना वाडीवर घेऊन आला. समोर हैबतीचं घर. नुसती भिंत. तिला मुठीएवढी एक खिडकी, बाकी काही नाही.

"दार कुठं हाय?" येसूबाईनं विचारलं.

"मागनं," कोंडाजी बोलला.

घराला वळसा घालून सगळे मागे गेले. दार होतं, पण दारासमोर पाच हातांवर डोंगराचा कडा उभा. मध्ये एका बाजूला चूल, एका बाजूला शेळी. खालची सगळी दरी, पोलादपूरची कौलं, उन्हाचा पहिला तुकडा, वारा, सगळं घराच्या पाठीकडं. येसूबाई दार आणि कडा यांच्या मध्ये उभी राहिली. तिला बसायचं म्हटलं तर शेळी हलवावी लागली असती.

"हे असं का?"

वाडी समजत होती की भगतानं सांगितलं असेल. ठमाबाई समजत होती की पावसासाठी. दोघांनीही हैबतीला कधी विचारलं नव्हतं.

हैबतीनं ओठ हलवले नाहीत. मोजायचं नव्हतंच. तो बोलला, "औटहाऊस."

हा त्याचा सहावा शब्द. तो फारसा काढत नसे.

"ते काय असतं?"

"बंगल्याच्या मागं नोकरमानसाला खोली असते. वीस वर्सं हिवाळा-उन्हाळा मी तिच्यात काढला. तिचं दार बंगल्याच्या रांधायच्या खोलीकडं असतं. हाक मारली की ऐकू आली पायजे. दरीकडं दार नसतं. दरी सायबाला बघायची असते." एवढं तो कधी बोलत नसे. "खाली आलो तेव्हा खोलीचं माप सुतळीवर घेऊन आलो. जोतं घातलं. दार जिथं असतं तिथं ठेवलं. आढं चढवलं तेव्हा ध्यानात आलं, पुढं बंगला नाय."

"मंग फिरवायचं की!"

"चौकट बसली व्हती."

"पेंड्या किती?"

"ह्याला मोजत नायत. बंगल्याला लावून उरतील त्या ह्याला."

ठमाबाई पिठाचे हात घेऊन दारात आली होती. "म्हंजे नऊ वर्सं मी औटहाऊसात ऱ्हाते?"

"व्हय."

"नि बंगला?"

"तो नाय."

"तो कधी बांधताय?"

कुशाबानं कानाला हात लावला. "काय बोलतोय तो?"

"खरं बोलतोय!" येसूबाई त्याच्या कानात ओरडली.

मग ती शेळीच्या शेजारीच बसली आणि तिनं पाणी मागितलं. कोंडाजीला वाटलं, जमलं. पण पाणी पिऊन ती बोलली, "पावनं, मानूस सरळ हाय तुमी. माझी तक्रार नाय. पन आता माझी पंचाईत ऐका. सुपारी फोडायला चार गावची मानसं येनार. इचारतील, हैबती काय बोलला? साठ कमी बोलला. नि तिथं सोताची पोर दिली? म्हंजे पोरीत खोट असेल. नायतर घरात. दोन्हीकडनं नाक माझंच जानार."

"दाजी," कोंडाजी काकुळतीला आला, "चारशे म्हना ना. तुमच्या पोरीसाठी म्हना. साठ पेंड्या कोन मोजायला येतोय?"

"तीनशेचाळीस हायत," हैबती बोलला.

चारशे म्हणावं असं त्यालाही वाटत होतं. पण तो आकडा त्याच्या तोंडातून वाकडा निघत नव्हता. त्याला त्याचा काही इलाज नव्हता. येसूबाईनं पदर सावरला आणि कुशाबाला कोपरानं ढोसलं. उठायचं.

तेवढ्यात शकू चहाची कपबशी घेऊन दारात आली. तिला मान खाली घालून यायला सांगितलं होतं. तिनं मान खालीच ठेवली होती. तशीच बोलली, "साठच कमी हायत ना? मंग बांदून द्या की."

"काय बांदून द्या?" हैबतीनं विचारलं.

"साठ पेंड्यांचं घर. त्यांच्या घराला लावून."

येसूबाईनं पहिल्यांदाच मुलीकडं नीट पाहिलं.

"पोरगी बोलते की गो."

"बोलते," ठमाबाई बोलली. "बापूसवर गेलीय."

"मोजतेय बी?"

"मला मोजायचा कट्टाळा हाय," शकू बोलली.

"मंग चालंल," येसूबाई बोलली, आणि कुशाबाला परत खाली बसवलं.

शिमगा झाल्यावर हैबती हत्यारं घेऊन तुडीलला गेला. घराच्या नदीकडच्या बाजूला, जोत्याला लागून, त्यानं पडवी धरली. सहा मेढी, त्यांना ताट्या बांधायला आडवे बांबू, वर वासे नि कौलं. सदू शिमग्याची रजा वाढवून थांबला होता. तो खाली उभा राहून कौलं वर द्यायचा. तिसऱ्या दिवशी सदूनं विचारलं, "बाबा, मुंबईत आमी एका खोलीत दहा जन ऱ्हातो. तिला काय बोलायचं?"

"भिंत भायेरनं किती?"

"भायेरनं भिंतच नाय. चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या खोल्या."

"मंग पेंडी लागत नाय."

"म्हंजे शेड?"

"शेड."

सदूनं मान हलवली आणि पुढचं कौल दिलं. त्याला ते पटलेलं दिसलं.

अठराव्या दिवशी पडवी झाली. हैबतीनं वळसा घातला. तीनशेचौऱ्याण्णव.

"सा पेंड्यांनी काय हुतंय!" येसूबाई बोलली. तिनं सांजेला जावांना बोलावून ठेवलं होतं. हैबतीनं शेवटची मेढ उपटली, दीड हात पुढं रोवली, वासे बदलले, कौलं परत चढवली. त्यात आणखी दोन दिवस गेले. जावांना निरोप गेला की आज नको, परवा या.

परवा त्या आल्या, सुपारीसाठी चार गावची माणसं आली, कुशाबालाही आणून बसवलं. हैबतीनं सगळ्यांदेखत एक वळसा घातला, थांबला, उलटा एक घातला.

"कॉटेज."

"काय?" कुशाबा बोलला.

"कॉटेज!"

"समोरच्या आळीत गेलं का ते बगा," येसूबाई बोलली. धाकटी जाऊ तिथंच उभी होती. हैबतीनं तिसऱ्यांदा सांगितलं. मग सुपारी फुटली.

लग्न वैशाखात खडकवाडीला झालं. दारासमोर कडा असल्यामुळं मांडव दरीच्या बाजूला घातला आणि सगळं वऱ्हाड कोऱ्या भिंतीकडं तोंड करून जेवलं. येसूबाईनं कुणाला काही बोलू दिलं नाही. शकू गेली. जाताना रडली, पण फार नाही. खाली एस्टी थांबवून ठेवली होती.

त्यानंतर हैबतीच्या शब्दाची जरब गेली. आता कुणी त्याला घर दाखवायला घाबरत नव्हतं. नुसतं विचारायचे, "हैबतीदादा, किती कमी पडतंय?" आणि तो आकडा सांगायचा, तेवढी पडवी बांधून द्यायचा. पोलादपूरपासून महाडपर्यंत अशा बऱ्याच पडव्या झाल्या. भागोजीनंसुद्धा बारदान काढून चौथी भिंत घालून घेतली आणि घराचा शब्द विचारला. हैबती बोलला, "हट." भागोजीला आनंद झाला. त्यानं कोंबडं कापलं.

शकू नागपंचमीला पहिल्यांदा माहेरी आली. अंगानं भरली होती. ठमाबाईनं सासूचं विचारलं, नवऱ्याचं विचारलं, आडून आडून आणखीही एक विचारलं. त्या एकाला शकू नुसती हसली. हैबती बाजूला बसून होता. बायकांचं संपल्यावर त्यानं विचारलं, "पडवीत काय ठेवता?"

"दोन म्हशी नि रेडकू."

"कॉटेजच्या पडवीत?"

"सासू बोलते, नदी वर येते तेव्हा गोठ्यात पानी शिरतं. म्हशींनी कुठं जायचं?"

हैबतीनं यावर विचार केला. त्यात काही चूक दिसली नाही. "नदीकडनं पाऊस येत असंल. ताट्या बांदल्या काय?"

"बांदल्या. मीच बांदल्या."

"पेंड्या किती लागल्या?"

"अट्ठावन."

हैबती उठून उभा राहिला. चार गावच्या माणसांसमोर तीनदा बोललेला शब्द होता तो. त्यानं कोपऱ्यातलं उपरणं उचललं, बाहेर पाऊस किती आहे ते पाहिलं.

"कुठं निगालात?" ठमाबाईनं विचारलं.

"तुडीलला."

"आवो बाबा, बसा," शकू बोलली. "साठच नेलत्या. त्यातल्या दोन म्हशीनं खाल्ल्या, तेवढी फट ऱ्हायलीय."

हैबती खाली बसला. त्यानं चंची काढली, तंबाखू मळली आणि ठमाबाईला सांगितलं, पोरीला काहीतरी खायला दे.